पाच ट्यूबा आणि एक कीर्तन

लखनौला इंदिरानगरात बोडसांच्या घरी माणसं पाच होती आणि बेसिनवर टूथपेस्टच्या ट्यूबाही पाच होत्या. माणसांचं एकमेकांशी बरं चाललं होतं, ट्यूबांचं मात्र बिनसलेलं असे. बेसिनच्या फळीवर जागा चार ट्यूबांची, त्यामुळे रोज एक तरी खाली बादलीत पडलेली सापडायची. ती कुणी पाडली, या चर्चेवर सकाळचा पहिला चहा होऊन जायचा.

घरधनी दीनानाथ बोडस बँकेतून निवृत्त झालेले. त्यांची पेस्ट मिठाची. निदान दातांनी तरी खाल्ल्या मिठाला जागावं, असं ते म्हणत. मुलगा हर्षवर्धन अमौसीला विमानतळावर एका कंपनीच्या काउंटरला होता. विमान उशिरा सुटणार हे हसून सांगायची नोकरी असल्यामुळे त्याची पेस्ट दात चमकवणारी. सून अनघा औषधांच्या संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ. तिची पेस्ट ठणकणाऱ्या दातांसाठी होती, आणि तिची किंमत ऐकली की ज्यांचे दात शाबूत होते त्यांचेही ठणकू लागत. नात सानिका तिसरीत, तिची स्ट्रॉबेरीची. ती दातांना लागायची कमी आणि पोटात जायची जास्त.

राहिल्या लीलावतीबाई. लवंग, पुदिना, बाभूळ आणि इतर बराच झाडपाला घातलेली, पिवळसर तपकिरी रंगाची एक पेस्ट त्या लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षापासून वापरत होत्या. ती तोंडात गेली की आधी गार वाटायचं, मग झोंबायचं, आणि मग बराच वेळ माणूस कुणाशी बोलत नसे. "न झोंबणारी पेस्ट ही काय पेस्ट?" असं बाईंचं मत होतं. एकूण औषधाबद्दल आणि उपदेशाबद्दलही त्यांचं हेच मत होतं.

हे असंच चाललं असतं, पण होळीच्या सुमाराला सानिकाची दाढ किडली. हज़रतगंजातल्या दातांच्या डॉक्टरांनी तिच्या तोंडात आरसा घालून विचारलं, "बेटा, पेस्ट खाती हो?"

"थोड़ा-थोड़ा," सानिका म्हणाली. "सिर्फ़ ब्रेड पे नहीं लगाती."

डॉक्टरांनी मागे उभ्या असलेल्या आजी-आजोबांकडे पाहिलं. घरात पाच पेस्ट आहेत हे कळल्यावर ते म्हणाले, "पाँच का क्या कीजिएगा? पूरे घर के लिए एक ढंग का ले लीजिए, फ्लोराइड वाला. बच्ची को मटर के दाने बराबर दीजिए, और थुकवाइए."

सल्ला सोपा होता, पण घरी आल्यावर प्रत्येकानं चष्मा लावून आपापली ट्यूब वाचली आणि ढंगाची म्हणजे आपलीच, अशी प्रत्येकाची खात्री पटली.

"आई, तुमच्या पेस्टमध्ये फ्लोराइड कुठंय?" अनघानं विचारलं.

"अगं, इतक्या वनस्पती आहेत त्यात. एखादीत असेलच की."

"दादी का वाला तो मिर्ची है," सानिका म्हणाली.

"आणि आजोबांची?" लीलावतीबाईंनी लगेच विचारलं.

"समुंदर."

दीनानाथराव खुर्चीतून उठले. त्यांना आयुष्यभर कीर्तनं ऐकायचं वेड. बदली जिथं होईल तिथं आधी घर नाही, कीर्तन कुठं होतं ते शोधत. त्यामुळे साधी गोष्टही त्यांना प्रस्तावनेशिवाय सांगता येत नसे. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल उपरण्यासारखा सारखा केला. "आता असं पाहा. मनुष्यजन्म दुर्लभ. त्यात मुख दुर्लभ, कारण मुखात नाम. आता नाम घ्यायचं तर मुख कसं हवं?"

"आजोबा, शॉर्ट में बताइए. मेरा कार्टून आ रहा है."

"मिठाची घ्या," दीनानाथराव बसत म्हणाले.

तेव्हा अनघानं सूत्रं हातात घेतली. ट्यूब बघितली की मतं आधीच ठरलेली असतात, असं तिचं म्हणणं पडलं. नाव झाकून चव बघायची, दोन-दोन दिवस एकेक पेस्ट सगळ्यांनी वापरायची आणि दहापैकी मार्क द्यायचे. लीलावतीबाईंनी हळदीकुंकवासाठी आणलेल्या सहा सारख्या स्टीलच्या डब्या होत्या, झाकणाच्या. त्यातल्या पाच अनघानं घेतल्या, एकेकीत एकेक पेस्ट भरपूर पिळून ठेवली, बुडाला नंबराच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि सगळ्या फ्रीजमध्ये ठेवून दिल्या. नमुना वाळू नये म्हणून तो थंडीत ठेवायचा, ही तिच्या संस्थेतली सवय. एकदा तिनं सवयीनं गरम पोळ्याही ठेवल्या होत्या.

"डब्या माझ्या, फ्रीज माझा, आणि मलाच माझी पेस्ट ओळखायची बंदी," लीलावतीबाई पुटपुटल्या. पण मनातून त्या निश्चिंत होत्या. आपली पेस्ट झोंबणार, झोंबली की कळणार, आणि कळली की तिला दहा मार्क द्यायचे, एवढं त्यांचं ठरलं होतं.

याच दिवसांत घरात दुसरी एक परीक्षा जवळ आली होती आणि ती पेस्टच्यापेक्षा कितीतरी अवघड होती.

शहरातल्या मराठी मंडळात रामनवमीला कीर्तन व्हायचं. पण हल्ली ऐकायला माणसं येत, ती प्रसादाच्या वेळेचा अंदाज घेऊन. आलेली मधूनच उठून जात. चिटणीस नरेंद्र सबनीस हे एका सरकारी कंपनीतले साहेब. भावना वगैरे गोष्टी फाइलीत बसत नसल्यामुळे त्यांचा त्यावर विश्वास नव्हता. त्यांनी बैठकीत सांगून टाकलं होतं, "या वर्षी शेवटचं. लोक अर्ध्यात उठले तर पुढच्या रामनवमीपासून अंताक्षरी." त्यात ठरलेल्या बुवांनी येत नाही म्हणून कळवलं, आणि सबनीसांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं न पसरलं तोच मागच्या रांगेतून दीनानाथराव उठले. "मी उभा राहतो," ते म्हणाले.

जन्मभर समोर बसून ऐकलेला माणूस पहिल्यांदाच उभा राहणार होता. महिनाभर ते बेसिनच्या आरशासमोर तालीम करत होते. एका लोभी सावकाराचं विनोदी आख्यान त्यांनी बसवलं होतं, आणि ते घरात सगळ्यांना इतकं पाठ झालं होतं की सावकार विहिरीत पडला की स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी वाजवायची, हे सुद्धा ठरून गेलं होतं.

"लीला, लोक उठतील का गं?" आदल्या दिवशी त्यांनी विचारलं.

"उठले तर उठले. मी बसेन की."

"तू तर घरचीच."

हे ऐकून लीलावतीबाईंना जरा लागलं, पण त्यांनी मनाची समजूत घातली. माणूस घाबरला की असं बोलतो, आणि दीनानाथराव इतके घाबरलेले त्यांनी थेट मुलाच्या बारशाला पाहिले होते.

मंडळात गंध नेण्याचा मान दर वर्षी लीलावतीबाईंचा. रामनवमीच्या सकाळी त्यांनी चंदन उगाळलं, वाळ्याच्या पाण्यात, कारण चैत्राच्या उन्हात कपाळाला गारवा हवा. केशराच्या काड्या घातल्या. गंध सहाव्या डबीत भरलं आणि निघेपर्यंत गार राहावं म्हणून फ्रीजमध्ये ठेवलं. फ्रीजमध्ये इतर डब्या होत्याच. ओलाव्यानं त्यांच्या बुडाच्या चिठ्ठ्या कधीच सुटल्या होत्या आणि त्यातली एक भाज्यांच्या कप्प्यात कोथिंबिरीला चिकटून बसली होती.

निघायच्या वेळी दीनानाथरावांचं धोतर सुटलं. ते नेसवून होतंय तोवर फेटा सापडेना. फेटा सापडला तर चिपळ्यांतली एक दिसेना. खाली ऑटोवाला "अंकल, हम जाएँ?" म्हणून ओरडत होता. लीलावतीबाईंनी फ्रीज उघडला, एका डबीचं झाकण उचललं, आत पिवळसर तपकिरी काहीतरी मऊसूत दिसलं. गार वास आला. वाळ्याचाच, असं मनानं घेतलं. त्यांनी डबी पिशवीत टाकली.

मंडळाचा कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता. पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे. दारात दोघी उभ्या राहिल्या. बायकांना हळदीकुंकू लावायला सबनीसांच्या देविकावहिनी आणि पुरुषांना गंध लावायला लीलावतीबाई. लावून घेणारा प्रत्येक पुरुष क्षणभर डोळे मिटायचा.

"वा वहिनी, काय गार वाटतंय हो."

"वाळ्याच्या पाण्यात उगाळलंय," बाई नम्रपणे सांगत.

"मागच्या वर्षी एवढं नव्हतं."

"या वर्षी हात जरा सढळ आहे."

खुद्द सबनीसांनीही कपाळ पुढं केलं. "जरा जास्त लावा, वहिनी. बसायचं आहे मला शेवटपर्यंत, चिटणीस म्हणून." बाईंनी त्यांना या टोकापासून त्या टोकापर्यंत जाड पट्टा ओढला. पेटीवाले शरदराव, तबलजी, शेवटी स्वतः दीनानाथराव, सगळ्यांच्या कपाळांवर गंध झळकलं. बायकांच्या कपाळांवर कुंकू झळकलं. आणि दीनानाथराव उभे राहिले.

नमन बरं झालं. आवाज थोडा कापला, पण शरदरावांनी पेटीवर सांभाळून घेतलं. निरूपणाला सुरुवात झाली आणि लोक मोबाईल बघू लागले. दाराजवळचे दोघं एकमेकांना खुणावून चपलांच्या दिशेनं सरकले. सबनीस पहिल्या रांगेत मनगटावरचं घड्याळ वर काढून बसले होते. लीलावतीबाईंना पदराचं टोक बोटाला गुंडाळायची सवय होती. आता ते दोन्ही हातांच्या बोटांना गुंडाळलं गेलं.

एवढ्यात लाइट गेली. पंखे थांबले आणि चैत्रातला लखनौचा उकाडा हॉलमध्ये येऊन बसला. कपाळांवर घाम फुटला. घाम गंधातून वाट काढत भुवयांपर्यंत आला आणि तिथून खाली उतरला.

दीनानाथराव त्या वेळी एक विनोद सांगत होते. देवाकडे रोज नवं काही मागणाऱ्या आणि काल काय मागितलं तेच विसरणाऱ्या एका गृहस्थाचा. बायकांमध्ये हशा पिकला. पुरुषांमध्ये मात्र सबनीसांनी खिशातून रुमाल काढला आणि डोळ्याला लावला. त्या रुमालानं त्यांनी आधी कपाळ पुसलेलं होतं. डोळ्यांतून धार लागली. त्यांच्या शेजारचे गृहस्थ हुंदका आल्यासारखे नाक ओढू लागले. मागची रांग, त्याच्या मागची रांग, एकेक करून भिजत गेली. शरदरावांचा एक हात पेटीच्या भात्यावर, दुसरा पट्ट्यांवर. पुसायला तिसरा हात नाही. त्यांच्या गालांवरून पाणी सरळ धोतरावर पडत होतं आणि सूर वर चालला होता.

देविकावहिनी लीलावतीबाईंच्या कानाशी लागल्या. "लीलावहिनी, हे रडतायत."

"कोण?"

"आमचे हे. सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा यांच्या डोळ्याला पाणी नव्हतं. मॅचचा स्कोअर विचारला होता यांनी."

"विनोदाला रडतायत?"

"तेच तर. खोल काहीतरी असणार त्यात."

पुरुषांची अडचण निराळी होती. डोळे चुरचुरत होते हे प्रत्येकाला कळत होतं. पण शेजारचा रडतोय तो भक्तीनं, आणि आपलेच तेवढे चुरचुरतायत, हे सांगायचं कसं? त्यामुळे प्रत्येकजण मान हलवत भक्तीनं रडला. उठून जायचं तर चपला शोधायला डोळे उघडावे लागतात, म्हणून उठायचीही सोय राहिली नाही. दाराजवळचे दोघं भिंतीला टेकून खाली बसले.

दीनानाथराव थांबले. त्यांनी उपरण्यानं स्वतःचे डोळे टिपले, एकदा पुरुषांकडे पाहिलं, एकदा बायकांकडे. मग शरदरावांना खालचा सूर द्यायला सांगितलं. आता सावकार येणार म्हणून लीलावतीबाई सरसावून बसल्या. पण सावकार आला नाही.

"कुठल्याशा गावात एक म्हातारी होती," दीनानाथराव सांगू लागले, आणि आवाज कापायचा थांबला. "तिचा मुलगा चाकरीसाठी उत्तरेला गेला होता. आपल्यासारखाच. घरात ती एकटी. पण रोज दुपारी ती दोन पानं मांडायची. एक तिचं, एक त्याचं. आधी लिंबाची फोड, मग मीठ, मग चटणी, सगळं जिथल्या तिथं. गाव हसायचं. म्हणायचं, अगं, इतक्या लांबून तो जेवायला यायचाय होय? ती म्हणायची, तो यायचा आणि पान नसायचं."

हे आख्यान लीलावतीबाईंनी बेसिनपुढं कधी ऐकलं नव्हतं. कुठंच ऐकलं नव्हतं. पण ती म्हातारी त्यांना ओळखीची वाटू लागली.

"एकदा भर उन्हात दाराशी कुणीतरी आलं. पायांवर धूळ, चेहरा उतरलेला. म्हातारीला दिसायचं कमी. ती म्हणाली, आलास? हातपाय धू. एवढंच. कधी आलास नाही, का आला नाहीस नाही. तो जेवला. भाकरी मागून घेतली, ताक मागून घेतलं. उठताना म्हणाला, आई, मी रोजच येतो गं या पानावर. आज तुला दिसलो, एवढंच. आणि मंडळी, त्याच घटकेला तिकडे उत्तरेत तिचा लेक उपाशीपोटी कामावर उभा होता, तर त्याला ताकाचा ढेकर आला."

बायका हसल्या, आणि हसता हसताच त्यांचे पदर डोळ्यांकडे गेले. हॉलमधल्या प्रत्येकीचं कुणी ना कुणी दूर गावी दार धरून बसलेलं होतं. देविकावहिनींनी लीलावतीबाईंचा हात घट्ट धरला. बाईंचा दुसरा हात पदराच्या टोकात अडकला होता, तो त्यांनी तसाच डोळ्यांना लावला.

बारा वाजले, जन्म झाला, पाळणा झाला, गुलाल उधळला. गुलालानं पुरुषांच्या डोळ्यांचं उरलंसुरलं काम पूर्ण केलं. सबनीस माईकसमोर आले. लाइट नसल्यामुळे माईक बंद होता, पण तो धरल्याशिवाय त्यांना बोलता येत नसे. डोळे लाल, कपाळावर वाळून पांढरट झालेला पट्टा. "पुढच्या वर्षी," ते म्हणाले आणि घसा दाटला. "पुढच्या वर्षी..." पुन्हा दाटला. डावीकडून बायकांनी टाळ्या वाजवल्या. "पुढच्या वर्षी कीर्तनच," सबनीस कसेबसे म्हणाले आणि नळाकडे गेले. त्यांच्यामागे सगळे पुरुष नळाकडे गेले.

दीनानाथरावांना घरी यायला दुपार झाली. लोक पाया पडत होते, फोटो काढून घेत होते. दोघांनी तर पुढच्या महिन्यात घरी कीर्तन करा म्हणून गळ घातली. ऑटोत ते रस्त्याकडे बघत बसले. लीलावतीबाईंना वाटलं, माणूस तृप्त झालाय. सुंठवड्याचा पुडा मांडीवर घेऊन त्याही तृप्त बसल्या.

घरी अनघा वाट बघत होती. संस्थेतलं काम आटपून ती सानिकाला घेऊन फक्त प्रसादाला आली होती आणि आधी परतली होती. तिच्या चेहऱ्यावर शास्त्रज्ञाला एखाद्या प्रयोगात अनपेक्षित निकाल आल्यावर येतो तसा आनंद होता.

"आई, तीन नंबर जिंकणार बघा. सानिकानं आज आपण होऊन दोनदा दात घासले. दहापैकी दहा दिले."

"तीन नंबर म्हणजे कुठली?"

"ते सांगायचं नाही. पण आता सांगते, तुमची, चिठ्ठी सुटली तरी रंगावरून मी डबी ओळखली. झोंबते म्हणून रडणारी मुलगी, आज म्हणते अजून दे."

सानिका पुढं येऊन दात दाखवत म्हणाली, "दादी, ये वाला बेस्ट है. मंदिर जैसा टेस्ट है."

लीलावतीबाईंनी नातीच्या तोंडाचा वास घेतला. चंदन. केशर. वाळा. त्या तशाच फ्रीजपाशी गेल्या, डबी उघडली, आणि पिशवीतून आणलेली रिकामी डबी नाकाशी धरली. लवंग. पुदिना. पस्तीस कपाळं त्यांच्या डोळ्यांपुढून एकेक करून गेली.

"अनघा," त्या खुर्चीत बसत म्हणाल्या, "पोरीच्या पोटात चंदन गेलंय."

"जाऊ दे, चंदनानं काही होत नाही. पण मग तीन नंबर कुठं गेला?"

"मंडळात."

अनघाला सगळं कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर ती बाल्कनीत जाऊन उभी राहिली, कारण सासूसमोर एवढं हसणं बरं दिसलं नसतं.

लीलावतीबाईंना हसू येत नव्हतं. आतल्या खोलीत नवरा फेटा उतरवत होता. जन्मात पहिल्यांदा उभा राहिला होता आणि सगळा हॉल रडला म्हणून मनात सुखावला होता. त्याला आता जाऊन सांगायचं की अहो, ते तुमचं कीर्तन नव्हतं, माझी पेस्ट होती? नाही सांगितलं, तर पुढच्या महिन्यात हा माणूस दोन घरी जाऊन उभा राहणार. तिथं गंध खरं असणार.

एवढ्यात फोन वाजला. सबनीस होते, आणि आवाज बारीक होता.

"वहिनी, एकट्या आहात ना? आमच्याकडेही तीच पेस्ट आहे. तोंड धुताना वास ओळखला मी."

"भाऊजी, माझी चूक झाली. मी आत्ताच एकेकाला फोन करून माफी मागते."

"अजिबात नाही. एक मिनिट, देविका इकडंच येतेय." थोडा वेळ फोनवर फक्त पातेल्यांचा आवाज आला. "गेली. वहिनी, ऐका. हिला वाटतंय मी फार हळवा आहे. म्हणते, इतकी वर्षं संसार केला आणि तुमचं मन ओळखलंच नाही. दुपारपासून माझ्यासाठी श्रीखंड चाललंय. टीव्हीचा रिमोट माझ्या हातात आहे. असं लग्न झाल्यापासून पहिल्यांदा घडतंय."

"आणि बाकीचे?"

"शरदचा फोन येऊन गेला. आणखी चौघांचे आले. सगळ्या पुरुषांचं एकमत आहे की कुणी काही बोलायचं नाही."

"मग अंताक्षरीचं काय?"

"रडून झाल्यावर अंताक्षरी कुठल्या तोंडानं मागू?" सबनीस म्हणाले आणि एकदम मोठ्यानं, "हो हो, वहिनी, फारच रसाळ झालं कीर्तन," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

कीर्तन तरलं होतं. लीलावतीबाईंनी निश्चय केला की आपणही आता हे पोटात ठेवायचं. नवऱ्याला आयुष्यभर वाटू दे की त्यानं हॉल रडवला. त्यात काय बिघडतं? संध्याकाळच्या चहाला सगळे बसले तेव्हा त्यांनी एवढंच जाहीर केलं, "माझी पेस्ट मी स्पर्धेतून मागं घेतेय."

"का?" हर्षवर्धननं विचारलं. तो नुकताच ड्यूटीवरून आला होता.

"माझी मर्जी. डॉक्टर म्हणाले ती साधी फ्लोराइडची आणा, सगळ्यांना एक. सानिकाला मटारएवढी."

मिठाचीही मागं घेतो, असं दीनानाथराव आपण होऊन म्हणाले. मग चमकणाऱ्या आणि ठणकणाऱ्यांना दोघांतच लढण्यात राम वाटला नाही, आणि ज्या पेस्टचा नमुना कुठल्याच डबीत नव्हता ती बिनविरोध निवडून आली. सानिकानं फक्त तिला मंदिरवाली मिळेल का असं विचारून पाहिलं.

चहाचे कप आत नेल्यावर दीनानाथराव बाल्कनीत वाळत घातलेलं उपरणं काढायला गेले. लीलावतीबाई मागोमाग गेल्या.

"आज गंध छान होतं," ते घडी घालत म्हणाले.

"हं."

"लवंग जरा जास्त झाली."

लीलावतीबाईंनी कठडा धरला. "तुम्हाला माहीत होतं?"

"माझ्याही कपाळाला होतं ना. आणि विनोदाला सबनीस रडला तेव्हा उलगडा झाला. माझा विनोद काही इतका वाईट नव्हता."

"मग तिथंच थांबून सांगायचं नाही का?"

"दारात डबी घेऊन कोण उभं होतं? सगळ्यांनी तुझ्याकडे बघितलं असतं." त्यांनी उपरण्याची घडी पुन्हा उलगडून पुन्हा घातली. "म्हटलं, पाणी तर वाहायला लागलंच आहे. त्याला वाहायला एखादी जागा तरी करून द्यावी. म्हणून सावकाराला घरी पाठवला."

"आणि ती म्हातारी?"

"सुचली. सुचली म्हणजे, आठवली."

खाली एक भाजीवाला ठेला ढकलत चालला होता. त्याची हाक लांब जाईपर्यंत दीनानाथराव कठड्यावरून त्याच्याकडे बघत राहिले.

"पुरुष पेस्टनं रडले, ते ठीक," दीनानाथराव हळूच म्हणाले. एवढा वेळ त्यांना हेच विचारायचं होतं, हे बाईंना तेव्हा कळलं. "पण बायकांच्या कपाळाला तर कुंकू होतं ना?"

"होतं."

"मग तू डोळे का पुसत होतीस?"

लीलावतीबाईंनी त्यांच्या हातातून उपरणं घेतलं, कारण घडी अजूनही वाकडीच होती.

"लिंबाची फोड आधी वाढलीत तुम्ही," त्या म्हणाल्या. "आई मीठ आधी वाढायच्या. पुढच्या वर्षी नीट सांगा."